परराज्यातलं कॉलेज खिशात कसं बसवलं

आम्ही कॅलिफोर्नियात. उत्पन्न असं, की गरजेवर आधारित मदत मिळेना आणि पूर्ण फी झेपेना. मग लेकीसाठी कॉलेज शोधताना रँकिंग बाजूला ठेवून पैशाकडून सुरुवात केली. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड-येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं, मेरिट शिष्यवृत्ती (गरज न बघता गुणवत्तेवर मिळणारी) देतच नाहीत. ती नावं खोडताना लेकीचा चेहरा पडला. बाकीच्यांच्या कॉमन डेटा सेटमधला (कॉलेजं ठराविक नमुन्यात जाहीर करतात ती माहिती) ‘एच’ विभाग वाचला. गरज नसलेल्या किती जणांना सरासरी किती रक्कम मिळाली, ते तिथे असतं. अलाबामा विद्यापीठ तर जीपीए (शाळेतल्या श्रेणींची सरासरी) आणि एसएटीसारख्या परीक्षेच्या गुणांवर किती शिष्यवृत्ती मिळेल, याचा तक्ताच देतं. शेवटी पश्चिमेकडच्या राज्यांची ‘डब्ल्यूयूई’ (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) सवलत कामी आली: परराज्यातल्या मुलांना ट्यूशन फी स्थानिकांच्या जास्तीत जास्त दीडपट. काही अभ्यासक्रम त्यातून वगळतात, ते आधी विचारा. लेक आता रीनोला, नेवाडा विद्यापीठात आहे. सुट्टीत गाडीनं घरी येते, विमानाचं तिकीटही वाचतं.