आरोग्यशाखेच्या विद्यार्थ्यांमधील एचपीव्ही लसीविषयीची जाणीव आणि स्वीकृती कशी तपासावी

वैद्यकीय, परिचर्या, दंतवैद्यक किंवा औषधनिर्माण शाखेच्या विद्यार्थ्यांमध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजेच एचपीव्हीच्या, लसीविषयी सर्वेक्षण करायचे असेल, तर प्रश्नावली लिहिण्यापूर्वी चार गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात: विद्यार्थ्याने या लसीविषयी ऐकले आहे का, त्याची माहिती अचूक आहे का, ती स्वतः घेण्याची त्याची तयारी आहे का आणि उद्या पालकांना किंवा रुग्णांना तो ती सुचवेल का. ‘तुम्हाला ही लस माहीत आहे का?’ या एकाच प्रश्नाला आलेल्या होकारांवरून जाणीव मोजली, तर या चारही गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. माझ्या मते चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण या विद्यार्थ्यांच्या शब्दावर पुढे अनेक कुटुंबे निर्णय घेणार असतात.

माहितीचे प्रश्न पाठांतर तपासणारे नसावेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांमध्ये विषाणूचे 16 आणि 18 हे प्रकार कारणीभूत असतात, हे बहुतेकांनी वाचलेले असते. खरी समज दिसते ती गैरसमजांच्या जागी. आधीच झालेला संसर्ग या लसीने बरा होतो का? होत नाही. लस घेतलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करावी लागते का? करावीच लागते, कारण कर्करोगाशी संबंधित सर्व प्रकारांपासून लस संरक्षण देत नाही. लसीमुळेच संसर्ग होऊ शकतो का? नाही, कारण तिच्यात विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनापासून बनवलेले कण असतात, जनुकीय द्रव्य नसते. मुलग्यांना तिचा उपयोग आहे का, हेही अवश्य विचारावे, कारण हा विषाणू घसा, गुदद्वार आणि शिश्न यांच्या कर्करोगांशीही निगडित आहे. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ असा स्वतंत्र पर्याय ठेवावा, नाहीतर अंदाजाने दिलेली बरोबर उत्तरे ज्ञान म्हणून मोजली जातात.

मात्रांविषयीच्या प्रश्नाची उत्तरसूची विशेष काळजीने करावी. 2006 साली पहिल्या लसीला मान्यता मिळाली तेव्हा तीन मात्रा दिल्या जात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अखेरीस 9 ते 20 वर्षे वयोगटासाठी एका मात्रेचा पर्यायही मान्य केला, मात्र प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना एकापेक्षा जास्त मात्रा लागतात. त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकावरून उत्तर देणाऱ्याला चूक ठरवण्यापूर्वी आपल्या देशाचे सध्याचे वेळापत्रक पाहावे.

स्वीकृती विचारताना नकाराचे कारणही विचारावे. खर्च, दुष्परिणामांची भीती, गरज न वाटणे, घरच्यांचा विरोध आणि लस कोठे मिळते हे ठाऊक नसणे ही अगदी वेगवेगळी कारणे आहेत व त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. लैंगिक अनुभवाविषयीचा प्रश्न अभ्यासासाठी अत्यावश्यक नसेल, तर घालूच नये.

नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागींची संमती घ्यावी, प्रश्नावली निनावी असावी आणि ती भरली जात असताना गुण देणारे शिक्षक वर्गात नसावेत. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सर्व वर्गांतून, मुलगे-मुली दोघांनाही, यादृच्छिक पद्धतीने निवडावे. समूहावर केवळ दुवा पाठवला, तर विषयात आधीच रस असलेलेच तो उघडतात. प्रत्यक्ष सर्वेक्षणापूर्वी काही विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन अडखळवणारी वाक्ये दुरुस्त करावीत आणि त्यांची उत्तरे अंतिम निष्कर्षांत धरू नयेत.

विश्लेषणात माहिती आणि तयारी यांची एकत्र सारणी करावी. पुरेशी माहिती असूनही ज्यांनी लस घेतलेली नाही, त्यांना आणखी एक व्याख्यान देऊन काही साधत नाही. त्यांच्यासाठी महाविद्यालयातच लसीकरणाची सोय व्हायला हवी. ज्यांची तयारी आहे पण माहिती अपुरी आहे, त्यांच्याकडून मात्र पालकांच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा सराव करून घ्यावा. ‘माझी मुलगी अजून लहान आहे, आत्ताच कशाला?’ असे आईने विचारले, तर विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी दिलेली लस सर्वांत परिणामकारक ठरते आणि लहान वयात शरीराचा प्रतिसादही अधिक चांगला असतो, हे विद्यार्थ्याला सोप्या शब्दांत सांगता आले पाहिजे. असा सराव झाल्यावर तीच प्रश्नावली लगेच न देता काही महिन्यांनी द्यावी, म्हणजे ताज्या आठवणीऐवजी टिकून राहिलेली समज मोजता येते.