झिओलाइट करताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात प्रोजेक्टची मुलं नागपुरातल्या आमच्या लॅबमध्ये येतात आणि पांढरी पावडर पुढे धरून विचारतात, "मॅडम, हा वाय झिओलाइटच आहे ना जी?" झिओलाइट म्हणजे बारीक, एकसारख्या छिद्रांचा स्फटिक; वाय, ए, एक्स, पी, सोडालाइट ही त्याची रूपं. रंगावरून काय सांगणार? सोडालाइट पांढरा, पी झिओलाइट पांढरा, न जमलेलं जेल, म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनेट कॉस्टिक सोड्यात कालवून झालेला कच्चा लगदा, तोही पांढराच.

सामान सगळ्यांचं एकच. सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम मधे, भोवती चार ऑक्सिजन, आणि हे चतुष्फलक कोपऱ्यातला ऑक्सिजन वाटून घेत जुळत जातात. चोवीसांचा एक सोडालाइट पिंजरा होतो. पिंजरे भिंतीला भिंत लावून बसले की नुसता सोडालाइट. मधे चौकोनी दुहेरी वलयं आली की ए, खिडकी साधारण ४ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). षटकोनी दुहेरी वलयं आली की एक्स आणि वाय, खिडकी ७.४ची. पण ही वलयं म्हणजे द्रावणात तरंगणाऱ्या तयार विटा नव्हेत. ते बांधून झालेल्या घराचं वर्णन आहे.

सगळ्यात जास्त मार खातात ते एजिंगमध्ये, म्हणजे तापवण्याआधी जेल मुरवण्यात. वायसाठी जेल २५ अंशांच्या आसपास २४ तास शांत ठेवायचं असतं, स्फटिकांची बीजं तेव्हा तयार होतात. एका मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, एका मुलाने हिशेब केला: एवढ्या गरमीत चार तास पुरेत. मग बाटली १०० अंशांवर ठेवली, आणि एकसारखं व्हावं म्हणून मॅग्नेटिक स्टररही चालू. तीन दिवसांनी एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीत) २८ अंशांच्या कोनावर ठळक पीक, म्हणजे पी. सहा अंशांवर, जिथे वाय दिसतो, काहीच नाही. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि सबमिशन आठवड्यावर. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मेहनत खरी होती. पण घाईतल्या जेलला घट्ट रचनाच सोपी जाते. मी एजिंग एसीच्या खोलीत, बाटलीशेजारी थर्मामीटर ठेवून करते, आणि ओव्हनमध्ये गेलेल्या बाटलीला हात लावत नाही.

"अजून एक रात्र राहू द्या, क्रिस्टल चांगले होतील" हेही मला पटत नाही. ए आणि वाय हे वाटेतले मुक्काम आहेत. अल्कलीत जास्त वेळ शिजवलं की ए मोडून सोडालाइट होतो, वाय मोडून पी. एकाच जेलच्या चार छोट्या बाटल्या भरा आणि दर दोन-तीन तासांनी एक काढा.

कच्चा माल म्हणून कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख घेत असाल, तर तिच्यातली क्वार्ट्झ आणि म्युलाइट ही खनिजं कॉस्टिकच्या पाण्यात सहज विरघळत नाहीत. आधी कॉस्टिकबरोबर ५५० अंशांना भाजून घ्या.

ॲल्युमिनेट वाढवून सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर १च्या खाली नेऊ नका. दोन ॲल्युमिनियम एका ऑक्सिजनवर शेजारी बसत नाहीत, हा लोवेनस्टाइनचा १९५४चा नियम आहे.

पावसाळ्यात कॉस्टिकच्या गोळ्या पाणी ओढतात. डबा उघडला की लगेच वजन करा. आणि जेल काचेत नको, कॉस्टिक काच खातं आणि तिची सिलिका जेलमध्ये उतरते. पॉलिप्रॉपिलीनची बाटली घ्या.

एक्सआरडीला नमुना देताना स्कॅन १० अंशांपासून सुरू केलात तर वायचं मुख्य पीक, ६.२चं, दिसणारच नाही, आणि चांगली पावडर फेकून द्याल. ५पासून लावायला सांगा.