सॉल्ट लेकला येताय? शेजाऱ्यांविषयी थोडं

ठाण्याहून आपली दोन बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यूंची) बिऱ्हाडं पुढच्या महिन्यात अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला येताहेत. घर, गाडी, शाळा यांचं कंपनीवाले सांगतील. शेजाराचं मी सांगते; एकोणीस वर्षं इथे काढली आहेत.

शेजाऱ्यांत बरेच जण मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे असतील. सामान उतरत असतानाच चार पोरं हात लावायला येतील. नको म्हणू नका. इथे वस्तीनुसार त्यांच्या चर्चचे 'वॉर्ड' असतात, एका भागातली मंडळी एकाच वॉर्डात, त्यामुळे नवीन घर आल्याचं सगळ्यांना लगेच कळतं.

मग खाणं येईल. आमच्याकडे शेजारच्या बाईंनी हिरव्या जेलोचं (जेलीचं) भांडं आणलं होतं. जेलोत जिलेटिन असतं, तेही बऱ्याचदा डुकराचं, म्हणजे आपल्याला वर्ज्य. मी भांडं ठेवून घेतलं आणि गप्प बसले. महिन्याने त्यांनी 'आवडलं का?' विचारलं, तेव्हा खरं सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्या तीन खोकी घेऊन दारात उभ्या! खोक्यांवरची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली, आपल्याला काय चालतं ते लिहून नेलं. तो एक महिना मी उगाच घालवला. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.

मॉर्मन लोक चहा-कॉफी घेत नाहीत, दारूही नाही. त्यामुळे आल्यागेल्याला चहा विचारायची सवय आवरा आणि कोकमाचं आगळ बॅगेत आणा. मालिदा त्यांना फार आवडतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र ताट पाठवू नका, त्या दिवशी बहुधा त्यांचा उपास असतो. सोमवारची संध्याकाळ बरीच घरं घरच्यांसाठी राखतात.

मिशनरी मुलं दारावर आली तर पाणी द्या आणि 'आम्ही ज्यू आहोत, ज्यूच राहणार' असं स्वच्छ सांगा. तुमच्या मुलांनाही हे वाक्य येऊ द्या, कारण शाळेतले मित्र चर्चच्या कार्यक्रमांना प्रेमाने बोलावतात.

नाजूक गोष्ट पूर्वजांची. वंशावळ शोधण्यात या लोकांचा हात धरणारं कुणी नाही, आणि ते मनापासून मदत करतात. पण त्यांच्या श्रद्धेत मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझींनी केलेल्या संहारात, मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं अशी घेतल्याचं कळल्यावर १९९५ मध्ये चर्चने ते थांबवण्याचा करार ज्यू संघटनांशी केला. तरी पुढेही काही नावं सापडली, आणि ते दुःख आपल्या लोकांच्या मनात आहे. मदत घ्याल तेव्हा 'आमच्या माणसांची नावं टेम्पलला (हा विधी होतो त्या त्यांच्या मंदिराला) देऊ नका' एवढं आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं.

हा शेजार जुना आहे. ज्यू दफनभूमीसाठी जागा मॉर्मनांचे तेव्हाचे नेते ब्रिगहॅम यंग यांनी दिली. सायमन बॅम्बर्गर हे ज्यू गृहस्थ १९१७ ते १९२१ युटाचे गव्हर्नर होते, मॉर्मनबहुल राज्यात. सिनेगॉगसाठी (आपल्या प्रार्थनास्थळासाठी) कोल आमीला या. १९७२ मध्ये दोन जुन्या मंडळ्या एकत्र येऊन ते झालं.

आणि बर्फाचं फावडं घ्या. शनिवारी घाणा बंद म्हणून कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. आपला वार शेजाऱ्यांना पाठ होता. इथेही होतो. शाब्बाथला, म्हणजे आपल्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्या दारातला बर्फ शेजारी न सांगता काढतात. रविवारी ते चर्चला निघायच्या आत त्यांची वाट आम्ही मोकळी करतो.