मोझेलची रीसलिंग गोड की कोरडी? बूच न काढता ओळखा

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग ही पांढरी वाइन कोरडी (म्हणजे गोड नसलेली) समजून आणावी आणि नेमकी गोड निघावी, हे माझं दोनदा झालं. आता लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला अल्कोहोलचा टक्का आधी बघतो.

१. ७ ते ९ टक्के: गोड. द्राक्षातली बरीच साखर न आंबता उरलेली असते. पण थंड हवेतल्या द्राक्षांचा आंबटपणा इतका तरतरीत, की गुळचट लागत नाही. हिरव्या सफरचंदाचा चावा घेतल्यासारखं वाटतं. झणझणीत कोळंबीबरोबर मला हीच आवडते.

२. साडेअकराच्या पुढे: बहुतेक कोरडी. 'ट्रॉकन' (जर्मनमध्ये 'कोरडी') लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला.

३. मधला आकडा: किंचित गोडसर.

फक्त 'श्पेटलेझं' या शब्दावरून गोड ठरवू नका. तो द्राक्षं किती पिकल्यावर तोडली ते सांगतो. श्पेटलेझं कोरडीही मिळते.