मॉड-एसएसएल बसवताना या चुका टाळा

मॉड-एसएसएल म्हणजे अपाची या वेब सर्व्हरला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, देणारं मॉड्यूल. साइट एचटीटीपीएसवर उघडली नाही की आपण आधी मॉड्यूल काढून पुन्हा बसवायला घेतो. मीही तेच केलं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा जुना सर्व्हर, रेड हॅट जातीच्या लिनक्सवर अपाची. मॉड-एसएसएल बसवलं, रीस्टार्ट दिला, तर सर्व्हिस उठेचना. लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’, पोर्ट ४४३, म्हणजे एचटीटीपीएसचं दार आधीच कुणीतरी धरलंय. कोण अडवून बसलंय म्हणून पोर्टांची यादी काढली, तर ४४३ वर कुणीच नाही! दोनदा काढलं, दोनदा बसवलं. मालक दर दहा मिनिटांनी केबिनमधून डोकावणार, ‘झालं का हो?’

घोटाळा एवढाच होता की ‘लिसन ४४३’ (४४३ वर कान ठेव) ही ओळ दोन ठिकाणी होती. मॉड-एसएसएलचं पॅकेज बसतानाच अपाचीच्या सेटिंगच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये आपली एसएसएल फाइल टाकतं, तिच्यात ती ओळ असतेच. मी हौसेने अपाचीच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये पुन्हा लिहिली होती. अपाची स्वतःचाच रस्ता अडवून बसला होता. ओळ खोडली, सुरू झाला.

उबुंटूवर उलटी गंमत. तिथे मॉड्यूल अपाचीसोबतच येतं, फक्त ए-टू-एन-मॉड या कमांडने चालू करायचं आणि रीस्टार्ट द्यायचा. ‘इनव्हॅलिड कमांड एसएसएल-इंजिन’ दिसलं की समजा, ते चालू करायचं राहिलंय.

अपाचीच्या सेटिंग फाइल तपासणाऱ्या कॉन्फिगटेस्ट कमांडने ‘सिंटॅक्स ओके’ म्हटलं म्हणून उड्या मारू नका. ती फक्त लिखाण तपासते. सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) आणि की (त्याची गुप्त किल्ली) एकमेकांची आहेत का, हे तिला कळत नाही. नूतनीकरणाच्या वेळी कुणीतरी नवी की बनवून सीएसआर (सर्टिफिकेटसाठीचा अर्ज) पाठवतो आणि सर्व्हरवर जुनीच की राहते, हे नेहमीचं. ओपनएसएसएल या टूलने सर्टिफिकेट आणि की दोन्हींतून पब्लिक की काढून शेजारी ठेवा, लगेच कळेल.

मधलं सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या सर्टिफिकेटला ब्राउझरच्या विश्वासातल्या संस्थेशी जोडणारा दुवा, विसरणं ही माझ्या मते सगळ्यांत फसवी चूक, कारण तुमच्या क्रोमवर सगळं छान दिसतं. क्रोम राहिलेला तुकडा बरेचदा स्वतः आणतो. कर्ल (कमांडवरून साइट उघडणारं टूल) किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर आणत नाही, आणि ग्राहक म्हणतो, तुमची साइट खोटी आहे. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर मधल्या सर्टिफिकेटसकटची फुलचेन फाइल द्या, नुसती सर्ट नको. मधल्या सर्टिफिकेटांच्या साखळीसाठी सेटिंगमध्ये वेगळी ओळ देणं अपाची २.४.८ पासून कालबाह्य आहे, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा.

की होम फोल्डरमधून एमव्ही कमांडने हलवली तर एसई-लिनक्सचं (लिनक्सचा जादा सुरक्षा पहारेकरी) जुनं लेबल तिच्यासोबत येतं, मग रूट (सर्वाधिकारी युजर) असूनही ‘परमिशन डिनाइड’. लेबल दुरुस्त करणारी रिस्टोरकॉन कमांड चालवा. एसई-लिनक्सच बंद करून टाकायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

ऑफिसच्या वायफायवर साइट उघडते, बाहेर नाही? फायरवॉलमध्ये आणि राउटरवर ४४३ उघडलाय का बघा. तपासणी मोबाइल डेटावरूनच करा.

आणि कीला पासफ्रेज (तिचा पासवर्ड) असेल तर अपाची सुरू होताना तो विचारतो. आमच्याकडे एकदा रात्री लाइट गेली, पहाटे आली, सर्व्हर उठला आणि अपाची पासफ्रेजसाठी अडून बसला. तो ज्याला पाठ होता तो गडी गड्ड्याच्या यात्रेत, फोन लागेना. आता कीवरचा पासफ्रेज काढलाय, फाइल फक्त रूटला वाचता येते, परवानगी ६०० (मालक सोडून कुणालाच नाही).