नेट बंद पडलं की तपासणी कुठून सुरू करायची?

वळवाचा एक दणका बसला की दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू दारात उभ्या असतात. "नेट चालंना झालंय की ओ, जरा बघून जावा." मुलाचा ऑनलाईन फॉर्म भरायचा असतो, नाहीतर शेताचा उतारा काढायचा असतो, आणि सगळं त्याच दिवशी हवं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक घरांत आता नेट फायबरच्या वायरीने येतं. ही वायर खांबाखांबांवरून, झाडांच्या फांद्यांमधून येते, त्यामुळे वाऱ्या-पावसात तिला काही ना काही होतच असतं.

गडबडीत माणसं तीन गोष्टी करतात: राऊटरचं रिसेटचं भोक टाचणीने दाबतात, फायरवॉल (कॉम्प्युटरचा राखणदार) बंद करतात आणि सेटिंग दिसेल ते बदलतात. कृपा करून यातलं काही करू नका. बाहेरून आत या. आधी वायर, मग डबा (म्हणजे राऊटर), मग वायफाय, आणि कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी.

फक्त कॉम्प्युटरचंच नेट बंद आहे का?

फोन वायफायला जोडा आणि फोनचा मोबाईल डेटा बंद करा. हे दुसरं काम विसरू नका. डेटा चालू असला तर वायफायला नेट नसतानाही फोन गुपचूप सिमवरून पानं उघडतो आणि आपण उगाच कॉम्प्युटरला दोष देत बसतो. फोनवर नेट चालत असेल तर वायर आणि डबा ठीक आहेत; सरळ खालच्या कॉम्प्युटरच्या भागाकडे जा.

डब्यावरचे दिवे

फायबरच्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर असेल तर डब्याचा कंपनीच्या यंत्राशी संपर्क आहे. तो लुकलुकत राहिला तर डबा संपर्क साधायच्या प्रयत्नात आहे. एलओएस तांबडा झाला तर वायरीतून प्रकाशच येत नाही. अशा वेळी कॉम्प्युटरवर काही करून उपयोग नाही.

तांबडा दिवा दिसला तरी फोन करण्याआधी एकदा वायर नजरेखालून घाला. आत काचेचा केसाएवढा तंतू असतो. कपाट सरकवताना ती चेपली, खिडकीत अडकली किंवा काटकोनात मुडपली की प्रकाश गळतो. वळसा नेहमी मोठा, वाटीएवढा तरी ठेवा. टोकाचा हिरवा जोड ढिला वाटला तर बाहेरूनच हलके आत दाबा. काढून फुंकर मारू नका, बोट लावू नका आणि त्याच्या तोंडात डोळा लावून तर कधीच बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेसर असतो.

दिवे नीट असून नेट नसेल तर डब्याची पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा आणि तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका. रिसेटचं भोक मात्र सोडून द्या. ते दाबलं की कंपनीने भरून दिलेलं युजरनेम आणि पासवर्डसुद्धा पुसले जाऊ शकतात. मग माणूस घरी येईपर्यंत बसून राहावं लागतं. विजा चमकायला लागल्या की डबा आणि कॉम्प्युटर दोन्हींच्या पिना काढून ठेवा. काचेच्या वायरीतून वीज येत नाही, घरच्या लाईटच्या वायरीतून येते.

वायफाय

लॅनची (नेटवर्कची) वायर डब्यातून थेट कॉम्प्युटरला लावा. त्यावर नेट चाललं तर दोष वायफायचा. खानापूरकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय फार आत जात नाही, २.४ चं जातं. दोन नावं दिसत असतील तर आतल्या खोलीत २.४ चं घ्या. वेग कमी मिळतो, पण तुटत नाही.

कॉम्प्युटर

आधी तारीख-वेळ बघा. ऐकायला साधं वाटतं, पण जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. मग बँकेची, सरकारी, सगळी पानं ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडतात. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला; तो सहसा सीआर२०३२ असतो.

मग ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टाका आणि एंटर दाबा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर किंवा वायफाय काढून परत जोडा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर इथवर ठीक. आता ‘पिंग’ लिहून एक जागा सोडा आणि ‘डिफॉल्ट गेटवे’समोरचा पत्ता टाका. उत्तर आलं तर राऊटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. पुढे पिंग ८.८.८.८ करा. तिथूनही उत्तर येतं, पण वेबसाईट उघडत नाही, असं असेल तर डीएनएस बिघडलंय. ते वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं काम आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की बहुतेक वेळा नेट सुरू होतं. तिथेच ‘प्रॉक्सी’ही (नेट दुसऱ्या यंत्रामार्फत फिरवणारी सोय) बघा. तुम्ही स्वतः लावलेली नसताना चालू दिसली तर बंद करा आणि कॉम्प्युटर व्हायरससाठी तपासा.

फायरवॉल

फायरवॉलवर फार अन्याय होतो. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेरून आत येणाऱ्याला अडवते. तुम्ही आतून बाहेर जाता त्याला ती सहसा हात लावत नाही. म्हणून एकही वेबसाईट उघडत नसेल तर दोष तिचा असण्याची शक्यता कमीच. खरा अडथळा बऱ्याचदा मुदत संपलेल्या अँटीव्हायरसचा असतो, कारण त्याची स्वतःची वेगळी फायरवॉल असते. नूतनीकरण करायचं नसेल तर तो पूर्ण काढून टाका. विंडोजचं स्वतःचं संरक्षण आपोआप चालू होतं.

फायरवॉलवर संशय असेलच तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ उघडा. एका मिनिटासाठी बंद करून बघा आणि लगेच चालू करा. माझ्या ओळखीच्या एका घरात प्रिंटर जोडताना ती बंद केली ती कित्येक महिने तशीच राहिली, आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता. प्रिंटरसाठी एवढं करायची गरजच नसते. घरचं नेटवर्क ‘पब्लिक’वर पडलेलं असतं, ते ‘प्रायव्हेट’ केलं की प्रिंटर सापडतो. बसस्टँडवर किंवा हॉटेलात मात्र ‘पब्लिक’च ठेवा. एखादंच अ‍ॅप अडत असेल तर ‘अलाव अ‍ॅन अ‍ॅप थ्रू फायरवॉल’मध्ये जाऊन तेवढ्यालाच खूण करा, तीही फक्त प्रायव्हेटच्या रकान्यात. सगळा गोंधळ झाला असेल तर तिथेच ‘रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट’ आहे.

"मी नेट कंपनीतून बोलतोय, हे अ‍ॅप घाला, मी इथून बघतो" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

तक्रार करताना

नुसतं "नेट नाही" म्हटलं की पलीकडून "रिस्टार्ट करा" एवढंच सांगतात. त्यापेक्षा कुठला दिवा कसा आहे आणि किती वाजल्यापासून, ते सांगा. पलीकडचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर "एलओएस केंपु लाईट बर्ता इदे" एवढं पुरतं. केंपु म्हणजे तांबडा. तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घ्या. माणूस वायर जोडून निघाला की त्याला त्याच्या प्रकाश मोजायच्या मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. उणे २० च्या आसपास असला तर जोड चांगला बसलाय. उणे २७ च्या जवळ असला तर आज नेट चालेल, पण पुढच्या पावसात परत तांबडा दिवा लागेल. त्याला तेव्हाच, तो शिडी उचलायच्या आत, जोड पुन्हा करायला लावा.