ओठ उचलून बघा
रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपणाऱ्या लेकराचा वरचा ओठ एकदा खिडकीच्या उजेडात उचलून बघा. पुढच्या दातांवर, हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. इथेच ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला की डॉक्टरच गाठावा लागतो. ‘दुधाचेच दात, पडणार आहेत’ असं आजी म्हणेल, पण दुधाच्या दाढा 10-12 वर्षांपर्यंत लागतात. 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. रात्री ब्रश तुम्हीच करून द्या, मग फक्त पाणी. संत्रा बर्फी जेवणासोबत चालेल, दिवसभर तुकडा-तुकडा नको. (पाहुण्यांना हे सांगणं कठीण!) नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.